पुन्हा एकदा देवल

नाटक पाहण्याचे सुख आपण सगळेच जाणतो. पण नाटकाची वाट पाहण्याचेही एक वेगळे सुख असते, आणि त्याची नोंद इतिहासात फारशी कोणी करीत नाही. नाटक कधी झाले, कोणी केले, किती चालले, हे पुस्तकांतून सापडते. त्या खेळाआधी आठ दिवस घराघरांतून काय बोलणे चालले होते, कोणी कोणाकडे पैशाची तजवीज केली, कोणत्या सुनेला सासूने 'तूही चल' म्हटले, हे मात्र कोठे लिहिलेले नसते. आज मला त्या वाट पाहण्याविषयीच दोन शब्द सांगायचे आहेत. निमित्त आहे गोविंद बल्लाळ देवल यांच्या हसविणाऱ्या नाटकांचे.

आता तुम्ही म्हणाल, देवलांच्या नाटकांची वाट कसली पाहायची? त्यांतल्या गोष्टी तर सगळ्यांना पाठ आहेत. फाल्गुनरावाचा संशय शेवटी फिटणार आहे नि शारदेचे म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न मोडणार आहे. जे ठाऊकच आहे त्याची उत्सुकता कशी वाटावी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठीच आपल्याला थोडे मागे जायचे आहे.

सुरुवात आपण पुण्यामुंबईच्या नाट्यगृहात करू नये, दौंड तालुक्यातल्या राहू गावी करावी, असे मला वाटते. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यातला हा मुलूख. लोक त्याला राहूबेट म्हणतात. नदीकाठची काळी जमीन, उसाचे फड नि गुऱ्हाळे. हंगामात चुलाण पेटले की उकळत्या रसाचा वास वाऱ्याबरोबर दूरवर जातो. भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. इकडे दक्षिणेला यवत नि केडगाव ही रेल्वेची स्टेशने. पुण्याहून दिक्सालपर्यंतची ही आगगाडी १८५८ साली सुरू झाली. तेव्हा नाटक कंपनी पुण्यास मुक्कामाला असली, तर राहूच्या माणसाला तिथे जाण्याचा मार्ग होता: बैलगाडीने नाहीतर पायी स्टेशन गाठायचे, गाडीने पुण्यास उतरायचे, रात्र नाटकगृहात काढायची आणि सकाळच्या गाडीने परत. जुने खेळ रात्री नवाच्या पुढे सुरू होत नि पहाटेपर्यंत चालत. त्यामुळे राहण्याची सोय पाहावी लागत नसे हा एक फायदाच होता!

पण विचार करा, असे जाणारे किती असतील? बैल मोकळे असले पाहिजेत, पाळी चुकता कामा नये, खिशात तिकिटाचे नि गाडीभाड्याचे पैसे हवेत. बायकांनी तर असे जाणे दूरच. म्हणून अशा गावात नाटक पाहणारे थोडे आणि नाटकाविषयी ऐकणारे पुष्कळ, अशी स्थिती असे. जो पाहून येई तो पारावर बसून सांगे. ऐकणारे ते मनात धरून ठेवीत नि पुढच्या वेळेची वाट पाहात. आपल्या रंगभूमीचा मोठा प्रेक्षकवर्ग हा असा न पाहिलेल्या नाटकाचा प्रेक्षकवर्ग होता, हे विसरून चालणार नाही.

हसण्याची रीत या लोकांना शिकवावी लागत नव्हती. जत्रेतला तमाशा, त्यातली बतावणी, वगातला सोंगाड्या हे सगळे त्यांच्या परिचयाचे होते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे चौफुला तर याच तालुक्यात आहे. तेथली कलाकेंद्रे आणि तेथली लावणी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. एकाने बोलावे एक, दुसऱ्याने ऐकावे भलतेच, आणि तिसऱ्याने त्यावर तिखटमीठ लावावे, हा विनोदाचा सांगाडा वगात आहे तसाच देवलांच्या 'संशयकल्लोळा'तही आहे. फरक भाषेचा आणि पेहेरावाचा.

आता देवलांकडे वळू. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली, तिच्या उंबरठ्यावरच हा नाटककार जन्मला. बेळगावला शिकत असताना अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांना गुरू म्हणून लाभले. १८८० साली किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या युगातच देवल वाढले. त्यांनी नाटके लिहिली आणि नाटके बसविलीही. तालीममास्तर म्हणून त्यांचा दरारा मोठा होता. शब्द कोठे तोडावा, वाक्य कोणाकडे पाहून बोलावे, हे ते नटाकडून घोटून घेत. पुढे नावाला आलेले कितीतरी नट त्यांच्या हाताखालून गेले.

देवलांनी एकंदर सात नाटके लिहिली: 'दुर्गा', 'विक्रमोर्वशीय', 'मृच्छकटिक', 'झुंजारराव', 'शापसंभ्रम', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ'. यांपैकी कथानकासकट स्वतंत्र असे नाटक एकच, ते म्हणजे 'शारदा'. बाकीची संस्कृतातून नाहीतर इंग्रजीतून घेतलेली. 'झुंजारराव' हा शेक्सपियरचा ऑथेल्लो. 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या कादंबरीवरचे. पण देवलांची भाषा अशी घरगुती की उसनवारी कोठे जाणवत नाही. शूद्रकाचा शकार त्यांच्या 'मृच्छकटिका'त बोलू लागला की तो आपल्याच गावातल्या एखाद्या बड्याचा उनाड मेहुणा वाटतो.

हसवण्याच्या दृष्टीने त्यांची तीन नाटके महत्त्वाची: १८८७ चे 'मृच्छकटिक', १८९९ चे 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ'. 'शारदा' हे विनोदी नाटक म्हटले तर कोणी भुवया उंचावील. पण पाहा, पंचाहत्तरीच्या घरातला भुजंगनाथ बोहल्यावर चढायला निघाला आहे, दात नाहीत, कंबर वाकलेली, तरी आपण तरुण दिसतो की नाही याची त्याला चिंता. त्याला गिऱ्हाईक करून दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित. आणि पैशासाठी पोटच्या पोरीचा सौदा करणारा बाप कांचनभट. या त्रिकुटाला लोक पोट धरून हसत. आणि हसता हसता एकदम गप्प होत. कारण असा भुजंगनाथ कोणाच्या ना कोणाच्या आळीत असेच. कोणाची बहीण, कोणाची मुलगी, कोणाची आत्या अशाच एखाद्या म्हाताऱ्याच्या घरी गेलेली असे.

किर्लोस्कर मंडळीने 'शारदा' रंगभूमीवर आणले, नंतर इतर कंपन्यांनीही ते केले. केशवराव भोसले यांचे नाव बालवयात गाजले ते शारदेच्या भूमिकेने. हे नाटक गावोगाव गेले आणि जिथे कंपनी गेली नाही तिथे त्याची पदे गेली. मुली जात्यावर, झोपाळ्यावर ती म्हणत. तीस वर्षांनी, १९२९ साली, बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो मध्यवर्ती कायदेमंडळात मांडणारे गृहस्थ हरविलास सारडा, म्हणून त्याला 'सारडा कायदा' म्हणत. आपल्याकडे मात्र पुष्कळांनी तो 'शारदा कायदा' असाच ऐकला आणि देवलांच्या शारदेवरूनच त्याचे नाव पडले असे समजून चालले. समजूत चुकीची खरी, पण एखाद्या नाटककाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळणार?

आता 'संशयकल्लोळ'. या नाटकाचा प्रवास फार गमतीचा आहे. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएर या नाटककाराने 'स्गानारेल' नावाची एक छोटी प्रहसनवजा कलाकृती रंगभूमीवर आणली आणि संशयी नवऱ्याची भूमिका स्वतःच केली. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी या लेखकाने तिच्या आधारे लंडनच्या प्रेक्षकांसाठी पाच अंकी इंग्रजी नाटक रचले. ते देवलांच्या हाती आले आणि १८९३ च्या सुमारास त्यातून 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक तयार झाले. मोलिएरचा पॅरिसकर नवरा असा लंडनवरून दोनशे तीस-पस्तीस वर्षांनी आपल्या गावात आला आणि फाल्गुनराव होऊन ओसरीवर बसला. त्याच्याबरोबर जे आले तेही सगळे आपल्या पंचांगातूनच उतरले: अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. पुरुष महिन्यांचे नि बायका नक्षत्रांच्या. ज्याने हे बारसे केले त्याला आपल्या माणसांची नाडी बरोबर सापडली होती.

गोष्ट थोडक्यात अशी. अश्विनशेठचे रेवतीवर प्रेम आहे. ती गणिकेच्या घरची, पण तिला संसार करायचा आहे आणि त्याचीही तयारी आहे. त्याने तिला आपली तसबीर दिलेली. एके दिवशी रस्त्यात रेवतीला घेरी येते आणि वाटेने जाणारा फाल्गुनराव तिला सावरतो. नेमके तेच त्याच्या बायकोला, कृत्तिकेला, घरातून दिसते. झाले! तिच्या मनात पाल चुकचुकली. ती खाली येते तो रस्त्यावर रेवतीच्या हातून पडलेली तसबीर तिला सापडते. ती ती न्याहाळीत असताना फाल्गुनराव पाहतो. आता त्याच्या मनात पाल चुकचुकली. तो तसबीर हिसकावून घेतो. ती त्याच्या हातात अश्विनशेठला दिसते. तिसरी पाल! मी दिलेली तसबीर या गृहस्थाकडे कशी? अशी एका तसबिरीने दोन घरे पेटतात. राहूकडच्या भाषेत सांगायचे तर एका चरकात घातलेले चार ऊस, आणि रस निघतो तो नुसता संशयाचा.

या नाटकातल्या हसण्याचे मर्म काय? प्रेक्षकाला सगळे ठाऊक असते आणि पात्रांना काहीच ठाऊक नसते, हे. पहिल्या अंकापासून आपण त्यांच्याहून शहाणे असतो. म्हणून गोष्ट पाठ असल्याने या नाटकाचे काही बिघडत नाही. उलट मौज वाढते. फाल्गुनराव दाराआडून येणार आहे हे ज्याला आधीच माहीत, तो त्याच्या येण्याआधीच हसायला लागतो. पहिल्यांदा आलेला माणूस प्रसंगाला हसतो. दहाव्यांदा आलेला माणूस नट तो प्रसंग कसा घेतो त्याला हसतो. आमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. जुन्या विनोदी नाटकाची वाट पाहणारा पुढे काय होणार म्हणून वाट पाहत नाही. ते आता कसे होणार, कोणाच्या तोंडून होणार, याची तो वाट पाहतो.

१९१६ साली ही वाट पाहणे शिगेला पोचले होते. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली होती. देवलांनी आपल्या जुन्या गद्य नाटकात पदे घालून ते मंडळीसाठी संगीत केले. बालगंधर्वांची रेवती आणि बोडसांचा फाल्गुनराव! ज्यांनी 'मानापमान' पाहिले होते त्यांना आणखी काही सांगायला नको होते. पण जून १९१६ मध्ये देवल वारले. नाटक रंगभूमीवर आले ते त्याच वर्षी ऑक्टोबरात. ज्या माणसाने तेवीस वर्षे हे नाटक जवळ बाळगले, त्याला त्याचा संगीत अवतार डोळ्यांनी पाहता आला नाही. पडदा वर गेला तेव्हा प्रेक्षागृहात जे हशे पिकले असतील, त्यात ही एक जागा रिकामी होती. योगायोग असा की मोलिएरही १६७३ मध्ये विनोदी नाटकाचा प्रयोग करता करताच आजारी पडला आणि त्याच रात्री गेला. हसविणाऱ्यांच्या नशिबी असे का यावे, देव जाणे.

बोडसांचा फाल्गुनराव पाहिलेली माणसे पुढे पन्नास वर्षे त्याचा दाखला देत. नवा नट उभा राहिला की म्हणत, 'बरा आहे, पण बोडस ते बोडस.' हाही वाट पाहण्याचाच एक प्रकार, पाठीमागे तोंड करून वाट पाहण्याचा! त्यात आनंद आहे तसा अन्यायही आहे. नव्या नटाच्या खांद्यावर मेलेल्या नटाचे ओझे घालून त्याला धाव म्हणणे बरे नव्हे. पण जुन्या नाटकाला हे ओझे चुकत नाही.

पुढे या वाट पाहण्यावर एक मोठे संकट आले. १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. नाटक कंपनीचा डोलारा मोठा: नट, साजिंदे, आचारी, पडदे, सामानाचे डबे, गावोगावचा मुक्काम. चित्रपटाचा डबा मात्र एका माणसाच्या डोक्यावरून जाई आणि तिकीट आण्यांत मिळे. एकामागून एक कंपन्या बुडाल्या, नाटकगृहांतून पांढरे पडदे लागले. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त काम केले. आता देवलांची नाटके कोण करणार, आणि केली तर कोठे करणार, असा प्रश्न पडला.

आपल्या लक्षात येईल की हा प्रश्न फक्त एका धंद्याचा नव्हता. पॅरिसमध्ये १६८० साली स्थापन झालेली एक नाट्यसंस्था आजही मोलिएरची नाटके करते. राजा गेला, क्रांती झाली, युद्धे झाली, तरी तिथल्या नातवाला आजोबांनी पाहिलेले नाटक पाहता येते. आपल्याकडे नाटक कंपनीबरोबर हिंडे. कंपनी मोडली की नाटक निराधार होई. पुस्तक उरे, पण वाक्य कोणाकडे पाहून बोलावे हे पुस्तकात छापलेले नसते. वीस वर्षे ते नाटक कोणी केले नाही आणि ज्यांनी पाहिले ती माणसे गेली, तर मग वाट तरी कोण पाहणार? वाट पाहायलाही थोडी आठवण लागते.

सुदैवाने तेवढा काळ मध्ये गेला नाही. १९४३ साली मराठी रंगभूमीला शंभर वर्षे पुरी झाली आणि सांगलीस शताब्दीचा महोत्सव झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने नाट्यमहोत्सव भरविला. मग असे उत्सव होऊ लागले. एकेका उत्सवात जुनी नाटके ओळीने लागत, निरनिराळ्या कंपन्यांतले नामवंत नट एकत्र येत. महायुद्ध चालू, धान्याची टंचाई, आणि लोक जुन्या नाटकांच्या तिकिटांसाठी झुंबड करीत होते! जे संपले असे वाटत होते ते परत दिसणार, या भावनेत केवळ करमणुकीची ओढ नसते. आपले काहीतरी हरवले होते ते सापडले, असे त्या माणसांना वाटले असले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर सरकारी नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि गावोगावच्या हौशी मंडळींना हुरूप आला. १९६० नंतरच्या दशकात संगीत नाटकाला पुन्हा बहर आला. 'पंडितराज जगन्नाथ', 'मत्स्यगंधा', 'कट्यार काळजात घुसली' अशी नवी नाटके आली आणि त्यांच्याबरोबर जुन्यांचीही मागणी वाढली. धि गोवा हिंदू असोसिएशनच्या 'संशयकल्लोळा'त रामदास कामत यांचा अश्विनशेठ गाजला. पुण्यात १९६८ च्या जूनमध्ये बालगंधर्व रंगमंदिर उघडले. त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ साली बसविली गेली होती. उघडले तेव्हा मात्र त्यांना जाऊन एक वर्ष होत आले होते. १८९४ पासूनची परंपरा सांगणारी भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था तर पुण्यात जुनी संगीत नाटके सातत्याने करीत आली आहे. अलीकडे, या शतकाच्या दुसऱ्या दशकात, प्रशांत दामले यांनी फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांनी अश्विनशेठ उभा केला, तेव्हा ज्यांच्या आजोबांनीही बोडसांना पाहिले नव्हते अशी तरुण मुले तिकिटाच्या खिडकीशी उभी राहिली.

आणि राहूसारख्या गावांचे काय? त्यांच्यासाठी फार मोठे काम केले ते आकाशवाणीने. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. ज्या बायका कधी नाटकगृहाची पायरी चढल्या नव्हत्या, त्यांच्या स्वयंपाकघरात नाट्यसंगीत आले. चावडीवरच्या नाहीतर शेजारच्या घरच्या रेडिओभोवती लोक जमत. दिसत काही नसे. पण मी आधी म्हटले तसे, न पाहिलेले नाटक मनात धरून ठेवण्याची सवय या लोकांना आधीपासूनच होती. रेडिओने त्या सवयीला आवाज दिला एवढेच.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये. जुन्या नाटकांची वाट पाहताना आपण पुष्कळदा नाटकाची वाट पाहत नाही, गाण्याची पाहतो. वन्समोअरवर वन्समोअर पडतात आणि गद्य कापले जाते. पहाटेपर्यंतचा खेळ तीन तासांत बसवायचा तर काहीतरी कापणे भागच आहे; पण कात्री नेहमी एकाच जागी चालते. देवलांचे 'फाल्गुनराव' तेवीस वर्षे पदांवाचून होते. त्याचे सगळे बळ संवादात होते. फाल्गुनराव नि कृत्तिका यांच्या भांडणात दोघेही सारखेच संशयी आहेत. नवऱ्याने बायकोवर संशय घ्यावा हे रीतीचे, पण इथे बायकोही कंबर कसून नवऱ्यावर संशय घेते आणि त्याला जाब विचारते. त्या काळी हे लहानसहान धाडस नव्हते. ते संवाद घाईने उरकले की नाटकाचा कणाच मोडतो आणि उरते ती गाण्याची बैठक. बैठक हवीच असेल तर ती निराळी करावी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 'संशयकल्लोळा'ची वाट आपण आनंदाने पाहतो. 'शारदे'ची तितक्या आनंदाने पाहत नाही. म्हणतो, आता ते जुने झाले. कायदा झाला, काळ बदलला, म्हाताऱ्या नवऱ्याचा प्रश्न कोठे राहिला? मलाही बरेच दिवस तसेच वाटे. पण मग राहूच्या उसाच्या फडांकडे पाहावे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या पट्ट्यात येतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'वर. कोयता म्हणजे एक हत्यार असे आपण समजतो; त्या धंद्यात एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, आणि पुरा कोयता झाला की उचल वाढते. शिवाय आईबाप सहा महिने फडावर, वयात आलेली मुलगी मागे गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती. म्हणून पुष्कळ घरांत तिचे लग्न लवकर उरकतात. मुलीचे वय कायद्याने १९२९ साली चौदा ठरले, १९४९ मध्ये पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा झाले, २००६ मध्ये नवा, अधिक कडक कायदा आला. कायदा पुढे पुढे गेला. सगळ्याच मुली त्याच्याबरोबर पुढे गेल्या नाहीत.

भुजंगनाथ आज पंचाहत्तर वर्षांचा नसेल. नवरा मुलगाही बिचारा पोरसवदाच असेल. पण कांचनभट आहे, निराळ्या नडीने गांजलेला. भद्रेश्वर दीक्षित आहे. त्याच्या हातात आता पोथीऐवजी उचलीची वही आहे. आणि शारदा तर आहेच. तिला कोणी विचारीत नाही, तेव्हाही विचारीत नव्हते. देवलांनी ज्या गोष्टीवर लोकांना हसविले, ती गोष्ट माणसाचा व्यवहार करण्याची होती. तो व्यवहार नुसते वय बदलून संपत नाही.

आमच्या पहिल्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर इथे आहे. जुन्या नाटकाची वाट पाहायची ती केवळ जुने सुख परत मिळावे म्हणून नव्हे. गोष्ट तीच असते, पण तिच्यासमोर बसलेले आपण प्रत्येक वेळी निराळे असतो. १८९९ चा प्रेक्षक 'शारदा' पाहताना शेजारच्या आळीकडे पाही. आपण कोठे पाहतो, हे कळण्यासाठीसुद्धा ते नाटक पुन्हा लागले पाहिजे.

म्हणून माझी एक सूचना आहे. कोणी नाट्यमंडळी देवलांचा हंगाम करायचे मनावर घेईल, तर तिने 'संशयकल्लोळ', 'मृच्छकटिक' आणि 'शारदा' ही तिन्ही नाटके ओळीने लावावीत. फक्त हमखास चालणारे एकच निवडू नये. आणि हंगाम पुण्यातच संपवू नये. गुऱ्हाळे नि तोडी चालू असतात त्या दिवसांत एक मुक्काम राहूबेटात टाकावा. शाळेचे पटांगण पुरे आहे, वीज आहे, रस्ते झाले आहेत. एके काळी राहूचा माणूस रात्र जागून पुण्यास जात होता. एकदा पुण्याच्या नाटकाने उलट वाट धरायला काय हरकत आहे? पहिल्या रात्री फाल्गुनरावाला हसू द्यावे सगळ्यांना. दुसऱ्या रात्री 'शारदा' लावावे, आणि फडावरच्या खोपटांतून येणाऱ्यांना तिकीट नसावे.

आणि वाचकहो, तुम्हांलाही एक विनंती. भिंतीवर देवलांचे नाव असलेली जाहिरात दिसली, तर एकटे जाऊ नका. घरातली आजी असेल तर तिला न्या; तिला पदे येत असतील, कदाचित तुमच्याहून जास्त. घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असेल तर तिलाही न्या. दोघींना शेजारी बसवा. आठ दिवस आधी तिकिटे काढा, म्हणजे वाट पाहायला आठ दिवस मिळतील. नाटक सुरू झाल्यावर गाण्याला दाद द्या, पण गद्यालाही कान द्या. भद्रेश्वर दीक्षित सौदा पक्का करतो तेव्हा त्या दोघी कोठे हसतात नि कोठे गप्प होतात, ते जरा पाहा, आणि परतताना वाटेत त्यांना विचारा.